वेलबुट्टीच्या आतला मजकूर

मानपत्र हा बहुधा मराठीतला सर्वांत कमी वाचला जाणारा गद्यप्रकार. समारंभात ते वाचून दाखवतात, टाळ्या पडतात, दोघे मिळून चौकट धरतात, फोटो निघतो. घरी गेल्यावर ती चौकट दिवाणखान्यात इतक्या उंच टांगली जाते की मजकूर वाचायला शिडी लागावी. जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरांत, वाचनालयांत, शाळांच्या कार्यालयांत अशा चौकटी दिसतात. वर गणपती किंवा सरस्वती, चारी कडांना वेलबुट्टी, मधोमध सोनेरी अक्षरांत नाव, नावाआधी रावसाहेब किंवा रावबहादूर, आणि सगळ्यांत खाली ‘आपले नम्र, समस्त नागरिक’.

यांत नगराध्यक्षाला दिलेले मानपत्र जरा वेगळे असते. कीर्तनकाराच्या किंवा पहिलवानाच्या मानपत्रात गुण सांगितले की भागते. नगराध्यक्षाच्या बाबतीत तेवढ्यावर सुटका नसते, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला नळाला पाणी किती वाजता येते ते ठाऊक असते. म्हणून लिहिणाऱ्याला कामे सांगावी लागतात: नळ, गटार, दिवाबत्ती, दवाखाना, मुलींची शाळा, भाजीबाजाराचे ओटे, स्मशानभूमीची भिंत. विशेषणे मात्र सगळीकडे तीच. कर्तव्यदक्ष, दानशूर, अजातशत्रू. (निवडणूक लढवून आलेल्या माणसाला अजातशत्रू म्हणण्याचे धाडस फक्त मानपत्रच करू शकते.) शहराचा इतिहास शोधणाऱ्याने विशेषणे गाळावीत आणि नामे उतरवून घ्यावीत. जे उरते ते एका गावाने एका काळी कशाला मोठे काम मानले, याची यादी असते.

स्तुती आणि तपशील यांची ही विभागणी खानदेशात फार जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यात, सातमाळा डोंगराच्या कुशीत पाटण नावाचे ठिकाण आहे. तिथला इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या स्थानिक सत्ताधाऱ्यांनी त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. त्यात घराण्याची वंशावळ आहे, कोणाला कोणत्या राजाकडून कोणती पदवी मिळाली ते आहे, भास्कराचार्यांच्या विद्वत्तेचा गौरव आहे. शेवटच्या ओळी मात्र जुन्या मराठी गद्यात आहेत. बाजारात येणाऱ्या मालातून मठासाठी किती काढून ठेवायचे, घाण्यामागे तेल किती द्यायचे, असा तो हिशेब. स्तुती ज्यांना ऐकवायची त्यांच्यासाठी संस्कृत, आणि तेल ज्यांनी द्यायचे त्यांच्यासाठी मराठी. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाला आपले काम नेमके कळले होते.

नगरपालिका आल्या त्या इंग्रजी अमलात. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर खानदेशाचा पहिला कलेक्टर म्हणून कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला. त्याने धुळ्याला मुख्य ठाणे केले, नवी पेठ आखून घेतली आणि व्यापारी-कारागीर बाहेरून आणून वसवले. जळगाव वाढले ते आगगाडी आणि कापूस यांच्या जोरावर. धुळ्यात नगरपालिका १८६२ मध्ये स्थापन झाली, जळगावात १८६४ मध्ये. पण या सुरुवातीच्या नगरपालिकांना आजच्या अर्थाने नगराध्यक्ष नव्हता. अध्यक्षपद जिल्ह्याच्या कलेक्टरकडे असे, आणि सभासद सरकारने नेमलेले. त्यामुळे अध्यक्षाची स्तुती म्हणजे सरकारची स्तुती. मानपत्रांचा प्रवाह खालून वर जात होता. गव्हर्नर दौऱ्यावर आला की नगरपालिकेने मानपत्र द्यायचे, त्यात राजनिष्ठा ओतायची आणि शेवटच्या परिच्छेदात, अतिशय नम्रपणे, एखाद्या पुलाची किंवा पाणीयोजनेची मागणी सरकवायची. हा शेवटचा परिच्छेद हाच खरा अर्ज. बाकीचे सगळे त्याचा टपालखर्च.

लॉर्ड रिपनच्या सरकारने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन निवडून आलेले सभासद आणि बिनसरकारी अध्यक्ष यांना वाट मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात रिपन हिंदुस्थान सोडून निघाला तेव्हा मुंबईत त्याला जो निरोप मिळाला, तसा कोणत्याही व्हाइसरॉयला त्याआधी मिळाला नव्हता. ठिकठिकाणच्या संस्थांनी त्याला मानपत्रे दिली. या टप्प्यानंतर मानपत्राची दिशा हळूहळू बदलली. आता गावातल्याच एका वकिलाला, डॉक्टरला किंवा अडत्याला गावच्या कामासाठी गावाने मानपत्र देणे शक्य झाले. स्तुती पहिल्यांदा आडवी गेली.

या चौकटींचे रूप मात्र बाहेरून आले. मध्ययुगीन युरोपात मठांमधले लेखक धर्मग्रंथ सोन्याच्या वर्खाने आणि रंगीत आद्याक्षरांनी सजवत. छापखान्याने ती कला मागे पडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात तिचे पुनरुज्जीवन झाले, हौशी लोकांसाठी शिकवणारी पुस्तके निघाली, आणि ओवेन जोन्सच्या १८५६ च्या ‘द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ या ग्रंथाने जगभरची नक्षी एका ठिकाणी आणली. त्यात हिंदुस्थानी नक्षीही होती. गिरण्यांच्या आणि बंदरांच्या इंग्रजी गावांतले नवे श्रीमंत नागरिक आपल्या महापौराला निरोप देताना असे सजवलेले चर्मपत्र देऊ लागले. बेलफास्टच्या मार्कस वॉर्ड कंपनीत त्यासाठी चित्रकारांचा खास विभाग होता. जे एकेकाळी बायबलला मिळत असे ते आता गटारयोजनेला मिळू लागले. मला यात काही विनोदी वाटत नाही. पटकीने माणसे मरत होती त्या शतकात गटार बांधणाऱ्याचे नाव सोन्यात लिहिले गेले, हे योग्यच झाले.

इकडे ही तऱ्हा आली तेव्हा तिला लगेच देशी अंग मिळाले. आपल्याकडे पोथी सजवण्याची परंपरा होतीच. जैन कल्पसूत्रांपासून जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्यांपर्यंत लाल चौकटी, हिंगुळाची शाई, कडेने फुले हे सगळे हाताशी होते. मोठ्या शहरांत मानपत्रासोबत चांदीचा करंडक असे, आणि त्यावरची नक्षी पुण्याचे किंवा कच्छचे कारागीर करत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८९१ मध्ये लॉर्ड रे याच्या नावाने हस्तकलांचे कारखाने सुरू झाले, तिथे धातुकामही शिकवले जाई. तालुक्याच्या गावी एवढी चैन नसे. तिथे हे काम शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांकडे किंवा पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडे जाई, आणि मजकूर मराठीच्या मास्तरांकडे. छापायचे असेल तर छापखानेवाला शिशाच्या तुकड्यांची वेलबुट्टी जुळवून चौकट करी. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी देवनागरी टाइपाला जे वळण दिले, त्याचा फायदा अशा फुटकळ कामांनाही मिळाला. निमंत्रणपत्रिका आणि मानपत्रे हे छोट्या छापखान्याचे रोजचे उत्पन्न, पुस्तक हा क्वचित येणारा पाहुणा.

एक गोष्ट मात्र चुटपुट लावणारी. एरंडोल हे खानदेशातले गाव हातकागदासाठी एकेकाळी नावाजलेले होते, यावलही होते. यावलला नीळसुद्धा होत असे, आणि फैजपूरची रंगारीकाम करणारी माणसे प्रसिद्ध होती. म्हणजे कागद, रंग, दोन्ही घरचे. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणीच्या स्वस्त कागदापुढे एरंडोलचा जाडाभरडा कागद वह्या-खतावण्यांपुरता उरला. सन्मानाला लागे ती विलायती गुळगुळीत कार्डे किंवा साटीन. गावाच्या उद्योगाला उत्तेजन दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार मानणारा मजकूर परगावच्या कागदावर लिहिला जाणे, यात कोणाला काही विसंगत वाटत नसावे.

मानपत्रात काय लिहीत नाहीत, तेही पाहायला हवे. पांझरेला १८७२ मध्ये मोठा पूर आला आणि धुळ्याचे बरेच नुकसान झाले. १८९९-१९०० च्या दुष्काळाने खानदेश होरपळला. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग पुढच्या काही वर्षांत आतल्या जिल्ह्यांत पसरला. या काळात नगरपालिकेचे काम म्हणजे लोकांना घरे सोडून झोपड्यांत जायला लावणे, घरे धुवून काढणे, विहिरी बंद करणे, आणि या सगळ्यासाठी पट्टी वसूल करणे. हे करणाऱ्याला शिव्याच मिळतात. अमक्यांनी घरपट्टी वाढवली म्हणून आम्ही त्यांचे ऋणी आहोत, असे वाक्य मानपत्रात सापडले तर मी त्या गावाला साष्टांग नमस्कार घालीन. नळ मात्र सापडतो. धुळ्याला डेडरगाव तलाव, जळगावला मेहरुण तलाव, या नावांभोवती दोन्ही शहरांच्या जुन्या पाण्याची गोष्ट फिरते. तलाव हे मानपत्राला फार सोयीचे काम. ते दिसते, त्याचे उद्घाटन होते, त्यावर कोनशिला बसते. पट्टी दिसत नाही, पण तलावाचा गाळ तिच्याच पैशांनी निघतो.

आणि खाली सही कोणाची? समस्त नागरिकांची. मतदानाचा हक्क त्या काळी कर आणि मालमत्ता यांवर ठरे. त्यामुळे अध्यक्षाला निवडणारे ‘समस्त’ म्हणजे गावातली थोडी घरे. त्याबाहेर कोण होते, याची एक नोंद जळगाव जिल्ह्यातच आहे, आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९२९ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला समिती नेमली होती, आंबेडकर तिचे सदस्य होते. खानदेशातल्या एका बहिष्काराची चौकशी करून २३ ऑक्टोबरला ते धुळ्याहून परतत असताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातली माणसे त्यांना न्यायला स्टेशनवर आली होती. पाहुण्याला पायी चालवत नेणे त्यांना प्रशस्त वाटेना, आणि टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईनात. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतलाच एकजण लगाम हातात घेऊन बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, टांगा उलटला, आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते, बॅरिस्टर होते, सरकारी कामावर होते. चाळीसगावच्या गरीब वस्तीने त्यांना द्यायला जे काही ठरवले होते ते कागदावरचे नव्हते, तर टांग्यातून नेण्याचा मान होता. तोच महागात पडला.

नगराध्यक्षाच्या कामाबद्दल बोलायचेच तर याच काळातले महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस आठवतात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत या सी. के. बोले यांच्या विधिमंडळातल्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, तेव्हा टिपणीस अध्यक्ष होते. मार्च १९२७ चा आंबेडकरांचा सत्याग्रह झाला त्या आधारावर. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळे तेच होते, पाणी तेच होते. कोनशिला बसवता येईल असे त्यात काहीच बांधले गेले नव्हते, आणि तरी त्या शतकातले कोणत्याही मराठी नगरपालिकेचे यापेक्षा मोठे काम मला सांगता येणार नाही.

मानपत्रांच्या या व्यवहाराला गांधीजींनी वेगळेच वळण दिले. १९२७ च्या सुरुवातीला खादीसाठी ते खानदेशात फिरले, १९३३-३४ मध्ये हरिजन दौऱ्यात देशभर फिरले. मानपत्र मिळाले की ते बहुधा तिथल्या तिथे लिलावात काढत. चौकट, करंडक, सगळे. आलेला पैसा निधीत. कधी उत्तराच्या भाषणात ते नगरपालिकेला संडासांची आणि भंगी वस्तीची अवस्था विचारत. म्हणजे वर सरस्वती, कडेला कमळे आणि उत्तरात संडास. चांदीवर खर्च करणाऱ्या नगरपालिकांना हा लिलाव म्हणजे जाहीर चपराक असे. काही ठिकाणी मग मानपत्रे खादीवर छापून येऊ लागली.

नक्षी आणि सार्वजनिक काम यांची सर्वांत सुंदर भेट खानदेशात घडली ती मात्र कोणा अध्यक्षाच्या सत्कारात नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरले, ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला. धनाजी नाना चौधरी या माजी पोलीस अधिकाऱ्याने आणि त्यांच्या सोबत्यांनी जागा उभी केली, तिला टिळकनगर नाव दिले. सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बसू आले. बांबू, चटया, झावळ्या, गाडीची चाके, जे गावात मिळेल त्यातूनच काम करायचे असा गांधीजींचा आग्रह. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलजोड्यांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून आले. नंदलालांना हा मुलूख अगदीच परका नव्हता. १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत ते अजिंठ्याला राहिले होते, भित्तिचित्रांच्या नकला करत. जळगाव स्टेशनपासून ती लेणी साठ किलोमीटरच्या आत आहेत.

त्याच नंदलालांकडे पुढे भारताच्या संविधानाची हस्तलिखित प्रत सजवण्याचे काम आले. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाच्या निबांनी लिहिली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. प्रत्येक पानावर आपले नाव आणि शेवटच्या पानावर आपल्यासोबत आजोबांचे नाव असावे, एवढीच अट घातली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली, तिचा कागद पुण्याच्या हातकागद केंद्रातला. बावीस भागांच्या आरंभी शांतिनिकेतनच्या चित्रकारांनी मोहेंजोदडोच्या मुद्रेपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंतची चित्रे काढली, उद्देशिकेचे पान बेवहार राममनोहर सिन्हा यांनी सजवले. डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात तिच्या शिळाछापाने प्रती निघाल्या.

या देखण्या ग्रंथात नगराध्यक्ष शोधायला गेलो तर निराशा होते. मार्गदर्शक तत्त्वांत ग्रामपंचायतीसाठी अनुच्छेद ४० आहे. नगरपालिका दिसते ती सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या पाचव्या नोंदीत, सुधारणा न्यास आणि जिल्हा मंडळांच्या रांगेत उभी. तिच्यासाठी स्वतंत्र भाग आला तो १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, आणि लागू झाला १ जून १९९३ पासून. नियमित निवडणुका, महिलांना आणि मागासवर्गीयांना राखीव जागा, वित्त आयोग, हे सगळे भाग ९-क मध्ये आहे. तो भाग टाइपात छापला गेला. त्याच्या माथ्यावर चित्र नाही.

जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे २००३ मध्ये महानगरपालिका झाली आणि नगराध्यक्षाच्या जागी महापौर आला. नाव मोठे झाले, हात मात्र आखूड झाले. महानगरपालिकेच्या कायद्यात कारभार चालवण्याचे अधिकार आयुक्तांकडे आहेत, महापौर सर्वसाधारण सभेचा अध्यक्ष असतो. नगरसेवकांनी अडीच वर्षांसाठी निवडलेला. पूर्वीचा नगराध्यक्ष स्वतःच्या अधिकारात बरेच काही करू शके, आणि अमळनेर-चाळीसगावसारख्या नगरपरिषदांचा, थेट जनतेतून निवडला जाणारा नगराध्यक्ष आजही तुलनेने वजनदार असतो. त्यामुळे महापौराच्या मानपत्रात ‘आपण रस्ते केले’ असे लिहिणे कायद्याच्या नजरेने थोडे उदारच आहे. त्याने आग्रह धरला असेल, ठराव मंजूर करून घेतला असेल, आयुक्तांच्या मागे लागला असेल. पाठपुराव्याला नक्षी कशी काढायची, हा ड्रॉइंग मास्तरांपुढचा नवा प्रश्न.

आता मास्तरही राहिले नाहीत. संगणकावर तयार चौकटी मिळतात, मजकूर मागच्या सत्कारातून उचलला जातो, नाव बदलते. कागदाला प्लास्टिकचे वेष्टन चढते आणि चौकात फ्लेक्स लागतो. जुन्या मानपत्रांचे मात्र काही करायला हवे. ज्यांच्यावर खरे सोने होते ती अजून चमकतात. बहुतेक गावांत सोने म्हणून पितळेची पूड वापरलेली असते, ती काळवंडते किंवा हिरवट पडते आणि कागदालाही खाते. काचेला चिकटलेला कागद ओढून काढू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा सुटत नाही. कसर लागली असेल तर चौकट भिंतीवरून काढून कोरड्या जागी ठेवावी, ओलीच्या भिंतीवर परत लावू नये. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांनी बाडे आणि पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. विसाव्या शतकातली छापील मानपत्रे अशा ठिकाणी नेऊन दाखवायला कोणी सहसा जात नाही, कारण ती कोणाला जुनी वाटत नाहीत.

फोटो काढायचा तर चौकट उघडून मागचा पुठ्ठाही टिपावा. तिथे चौकटवाल्याचा शिक्का, कधी पेंटरची सही, कधी वर्गणीदारांची नावे आणि रकमा पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. मग पुढच्या बाजूवरची तारीख घेऊन नगरपालिकेच्या त्या वर्षाच्या सभावृत्तांताशी मजकूर ताडून पाहता येतो: ज्या नळाबद्दल आभार मानले आहेत, त्याच्या ठरावावर मत कोणी बाजूने दिले होते, आणि विरोधात कोणी.